ड संच

एक्केचाळिसाव्या प्रश्नाचं उत्तर बरोबर होतं. उमेदवाराने तिसरा गोल व्यवस्थित, कडेच्या बाहेर जराही न जाता काळा केला होता, आणि समोर उघडून ठेवलेल्या प्रश्नपत्रिकेतही तिसराच पर्याय बरोबर होता. गुण मोजणाऱ्या यंत्राने मात्र समासात शून्य छापलं होतं. यंत्राचीही कधीमधी नजर चुकते, गोल फिका असला किंवा कागद दुमडला असला तर. म्हणून तिने पेन्सिलीने बारीक खूण केली आणि पुढे गेली. बेचाळीस. तेही बरोबर, तेही शून्य. त्रेचाळीस साफ चूक होतं आणि त्याला एक गुण मिळाला होता. इथे तिचा हात थांबला. तिने गठ्ठ्यातली दुसरी उत्तरपत्रिका ओढली, मग तिसरी. सहाही तशाच निघाल्या. चाळिसापर्यंत सगळं ठीक, एकसष्टपासून पुढे सगळं ठीक, आणि मधले वीस प्रश्न कुणीतरी डोळे मिटून तपासल्यासारखे. गठ्ठ्यावर नऊ वर्षांपूर्वीचं साल होतं आणि त्याखाली ठळक अक्षरात ड. तिने उठून खोलीच्या दाराला आतून कडी लावली. का लावली ते तिला सांगता आलं नसतं. ऑफिसात तिला सगळे बाई म्हणत, आणि बाईंच्या खोलीचं दार सव्वीस वर्षांत दिवसाढवळ्या कधी बंद झालेलं कुणी पाहिलं नव्हतं.

नर्सिंग कॉलेजच्या निवड विभागात ती पहिल्यांदा आली तेव्हा प्रवेश मुलाखतीवर होत असे, म्हणजे कुणाच्या ओळखीवर, कुणाच्या चेहऱ्यावर. तिने ते मोडून परीक्षा आणली. शंभर प्रश्न, शंभर गुण, साठ जागा. अ, ब, क, ड असे चार संच, म्हणजे शेजाऱ्याचं बघून उपयोग नाही. तिला त्या परीक्षेचा अभिमान होता, आईला पोराचा असतो तसा, आणि पोराबद्दल वाईट ऐकलं की आई जशी आधी भांडायला उठते तशी तीही उठत असे. आता संचालकांना दहा वर्षांचा अहवाल हवा होता: ज्याला गुण जास्त तो पुढे यशस्वी, हे आकड्यांनी दाखवायचं, म्हणजे इतर कॉलेजंही हीच परीक्षा घेतील. अहवाल सोमवारी जायचा होता. जुन्या उत्तरपत्रिका शुक्रवारी लगद्यासाठी लॉरीत चढायच्या होत्या, त्यांची मुदत कधीच संपली होती. त्याआधी नियमाप्रमाणे चार गठ्ठे नमुन्यादाखल हाताने तपासावेत म्हणून ती बसली होती. हे काम कारकुनाला देता आलं असतं. आपण ते स्वतःकडे का घेतलं, असा प्रश्न तिला पडला, आणि त्याचं उत्तर तिला नको होतं.

चूक कशी झाली असेल हे शोधायला फार डोकं लढवावं लागलं नाही. ड संच छापायला जाण्याच्या आदल्या दिवशी तिच्याच लक्षात आलं होतं की एका प्रश्नाच्या मजकुरात पुढच्या प्रश्नाचं उत्तर उघड दिसतंय. पेपर काढणाऱ्या बाकी तिघांपैकी कुणाच्याही नजरेला ते आलं नव्हतं. तिने त्या विभागातले वीस प्रश्न मागेपुढे केले, प्रेसला फोन केला, नवीन पान स्वतः नेऊन दिलं. प्रेसवाल्याने चहा विचारला होता, ती नको म्हणाली होती, शाईच्या वासाने तिचं डोकं दुखत होतं. हे सगळं तिला लख्ख आठवत होतं. उत्तरसूचीतला क्रम बदलल्याचं मात्र आठवत नव्हतं, कारण तो बदललाच नव्हता. एवढंच असतं तर ती चूक झाली असती, माणसाच्या हातून होते तशी. पण एवढंच नव्हतं. निकालाच्या आदल्या संध्याकाळचा एक कागद तिच्या डोळ्यांपुढे हळूहळू वर येत होता, पाण्यात बुडालेली वस्तू वर यावी तसा, आणि ती त्याला खाली दाबू पाहत होती. संचानुसार निवड: अ वीस, ब अठरा, क वीस, ड दोन. ड दोन. तिने तो आकडा पाहिला होता. पाहिला, आणि तिच्या मनात काहीतरी हललं, आणि ती स्वतःशी म्हणाली की असतो एखाद्या वर्षी योगायोग. बाहेर यादी लावायला शिपाई फळा पुसत उभा होता. सकाळी दहाला निकाल लागणार असं वर्तमानपत्रात छापून आलेलं होतं. एक गठ्ठा उघडायला दहा मिनिटं लागली असती. तिने पान उलटलं. नऊ वर्षं ती कुणाकुणाच्या चुका काढत फिरली, शिकाऊ नर्सेसच्या तक्त्यातला खाडाखोड केलेला एक आकडा तिला खपत नसे, आणि हे पान मात्र तिने असं उलटून ठेवलं होतं की पुन्हा कधी त्याची आठवणसुद्धा झाली नाही. आठवण झाली नाही हे खरं होतं का, हेही तिला आता खात्रीने सांगता येईना.

तिने जाड पुठ्ठ्याला भोकं पाडून बरोबर उत्तरांचा साचा केला, यंत्र येण्याआधी करत असत तसा, आणि एकेका उत्तरपत्रिकेवर ठेवून काळे ठिपके मोजत गेली. दोनदा कुणीतरी दार वाजवलं. कामात आहे, एवढंच ती म्हणाली. साडेअकरापर्यंत चित्र स्पष्ट झालं. प्रवेशाची रेषा त्या वर्षी चौसष्टवर गेली होती, ती सदुसष्टवर असायला हवी होती. ड संचातल्या चौदा जणांना बाहेर ठेवलं गेलं होतं. आणि त्यांच्या जागी बाकीच्या संचांतले चौदा जण आत आले होते, ज्यांना तिच्या परीक्षेने खरं तर नाकारलं होतं. तिने त्यांची पुढची नोंद काढली. चौदापैकी तेरा जणांनी अभ्यासक्रम पुरा केला होता, आणि उरलेली एक दुसऱ्या वर्षी आजारपणामुळे कॉलेज सोडून गेली होती. एक जण तर याच इमारतीत खालच्या मजल्यावर शिकवत होती. रोज सकाळी जिन्यात ती बाईंना हसून नमस्कार करायची. टेबलावर अहवालाचा कच्चा खर्डा पडला होता. त्यात कालच तिने लिहिलं होतं की रेषेखालचा उमेदवार हा अभ्यासक्रम पेलण्याची शक्यता नगण्य आहे. कशावरून लिहिलं होतं? रेषेखालच्यांना कधी कुणी आत घेतलंच नव्हतं. त्यांचं पुढे काय झालं हे कळण्याची सोयच नव्हती. आत आलेल्यांना मोजायचं आणि बाहेरच्यांबद्दल बोलायचं, असं ती परीक्षा सुरू केल्यापासून करत आली होती. आणि एकदाच, चुकून, चौदा जण आत घुसले तर त्यांतल्या तेरा जणांनी मुकाट्याने तीन वर्षं पार पाडली होती.

चौदा बैठक क्रमांक तिने एका कागदावर उतरवले. नववा लिहिताना तिला क्रमांकाकडे पाहावंही लागलं नाही. तो तिला पाठ होता. तो बिट्टीचा होता, तिच्या थोरल्या बहिणीच्या मुलीचा.

ताईला ही एकच मुलगी. नवरा लवकर गेला, आणि त्याच्या आजारपणात आठवी-नववीतली ही पोर वडिलांची चादर त्यांना न हलवता बदलायची, तेव्हापासून नर्स व्हायचं हे तिचं ठरलेलं. परीक्षेला बसली तेव्हा मावशीने नियमाप्रमाणे लेखी कळवून टाकलं होतं की माझी नातेवाईक उमेदवार आहे, तिच्या कागदांना मी हात लावणार नाही. या गोष्टीचाही तिला अभिमान होता. निकालात बिट्टीला अठ्ठावन्न गुण पडले. घरी कुणी रडलं नाही. ताई स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. बिट्टी खिडकीशी बसून ते पत्र वाचत होती, आपला कल व क्षमता या अभ्यासक्रमास अनुरूप नसल्याचे दिसून येते. हे वाक्य मावशीनेच काही वर्षांपूर्वी तयार केलं होतं, जास्तीत जास्त सौम्य शब्द शोधून. आणि मावशी तिच्या शेजारी बसून म्हणाली होती, वाईट वाटून घेऊ नकोस, परीक्षा काही खोटं बोलत नाही, तुझा हात त्या कामाचा नाही एवढंच. पोरीने मान डोलावली. वाद घातला नाही, पुन्हा बसते म्हणाली नाही, दुसऱ्या कॉलेजचा अर्ज आणला नाही. तेव्हा मावशीला वाटलं होतं, किती समजूतदार आहे.

बिट्टी काम करायची त्या चष्म्याच्या दुकानात ती पोचली तेव्हा दुपारचा एक वाजून गेला होता. बिट्टी गुडघ्यावर बसून एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाचा चष्मा बसवत होती. काडी गरम हवेवर धरायची, अंगठ्याने किंचित वाकवायची, कानामागे लावून बघायची, पुन्हा काढायची. म्हाताऱ्याचे हात थरथरत होते. तिने बोलता बोलता ते आपल्या हाताने खाली ठेवले, त्याला कळलंसुद्धा नाही. मावशी दारात उभी राहून हे बघत होती आणि तिला बघवत नव्हतं. परत फिरावं असंही एकदा मनात आलं. लॉरी परवा येणार होती. पुठ्ठ्याचा साचा फाडून टाकला तर जगात कुणालाही काही कळणार नव्हतं. "मावशी? तू इकडे कशी? चष्मा मोडला की काय?" बिट्टी उठत म्हणाली, आणि तिचा चेहरा पाहून पुढे काही न विचारता तिला आतल्या खोलीत घेऊन गेली. तिथे काचा घासायचं यंत्र चालू होतं, पाण्याची बारीक धार काचेवर पडत होती, आणि बसायला एकच स्टूल होतं. दोघी उभ्याच राहिल्या.

तिने सांगितलं. वाटेत मनाशी जुळवलेली वाक्यं निसटून गेली आणि मागचं पुढे, पुढचं मागे असं सांगितलं गेलं. प्रश्नांचा क्रम, उत्तरसूची, वीस प्रश्न, चौदा जण. बिट्टी ऐकत होती. तिने हातातली काच पुसली, उजेडात धरली, परत पुसली.

"मग मला किती होते?"

"बहात्तर."

"आणि लागत होते?"

"सदुसष्ट."

यंत्राची वेळ संपून ते आपोआप बंद झालं. त्या शांततेत बाहेरच्या गिऱ्हाइकाचं खोकणं ऐकू आलं. बिट्टी रडेल, निदान ओरडेल, असं मावशीला वाटलं होतं, आणि दोन्हींसाठी ती तयार होऊन आली होती. बिट्टीने काच कागदात गुंडाळून ट्रेमध्ये ठेवली.

"आईला इंजेक्शन द्यायचं असायचं," ती म्हणाली, "तेव्हा मी रोज शेजारच्या काकूंना हाक मारायचे. तुला आठवतं ना?"

मावशीला आठवत होतं. ताईच्या शेवटच्या दोन वर्षांत साखरेसाठी दिवसातून दोनदा सुई लागायची, आणि ही घोडी एवढी मोठी होऊन सुईला हात लावत नसे. एकदा काकू गावाला गेल्या होत्या तर मावशी स्वतः ऑफिस सोडून आली होती, आणि येताना चिडचिड केली होती, एवढी कसली भित्री म्हणून.

"तुम्हाला वाटायचं मी घाबरते. मी घाबरत नव्हते गं. मला वाटायचं, ज्याचा हात चुकणार असं लेखी आलंय त्याने उगाच आईच्या अंगाला सुई कशाला लावायची." ती हे अगदी साध्या आवाजात म्हणाली, हिशेब सांगावा तशी. "गाडी शिकले नाही. तुझ्या त्या मैत्रिणीने दवाखान्यात काम देते म्हटलं होतं, गेले नाही. मी तुझ्यावर विश्वास ठेवला, मावशी. त्या परीक्षेवर नाही, तुझ्यावर."

मावशीने स्टुलाचा आधार घेतला. "तुला हे कधी कळलं?" बिट्टीने विचारलं, आणि तिच्या तोंडून पटकन आलं, "आज सकाळी." ते खरं होतं. तिथे थांबता आलं असतं, आणि बिट्टीने पुढे काही विचारलंही नसतं. पण पोरगी तिच्याकडे बघत होती, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत नंबर शोधताना बघत असेल तशी, आणि त्या नजरेपुढे ते अर्धं खरं टिकेना. "नऊ वर्षांपूर्वीच कळलं असतं," ती म्हणाली. "ड संचातले दोनच जण आत आले होते. आकडा माझ्यासमोर होता. मला खटकलं. मी पान उलटलं."

बिट्टीने काचांचा ट्रे बाजूला सरकवला. मग म्हणाली, "चौदा जण म्हणालीस ना? बाकीच्या तेरा जणांना सांगितलंस?"

"नाही अजून."

"मग माझ्याकडे आधी का आलीस?"

"तू माझी आहेस म्हणून."

"त्यांचंही कुणीतरी असेलच की," बिट्टी म्हणाली. "आधी त्यांना सांग. सगळ्यांना. ते झालं की ये माझ्याकडे, तोवर येऊ नकोस." आणि मग, दाराशी गेल्यावर, मागे न वळता, "जेवलीस का?" मावशीने हो म्हटलं. ती जेवलेली नव्हती.

संचालक माणूस वाईट नव्हता. त्याने तिचं सगळं ऐकून घेतलं, मध्ये फोन वाजला तो उचलला नाही. मग हलक्या आवाजात, समजुतीने बोलू लागला. तिच्या निवृत्तीला चौदा महिने उरलेत. अहवाल सोमवारी जाणार आहे. मुदत उलटलेले कागद ठेवण्याचं कुठलंच बंधन आपल्यावर नाही. आणि मुख्य म्हणजे, जे चौदा जण चुकून आत आले त्यांचं काय? ती खालची शिकवणारी, तिला बोलावून सांगायचं की बाई, तुझी पदवी खोटी? इतकी वर्षं आजाऱ्यांची सेवा करणाऱ्या माणसांच्या जिवाला घोर लावायचा, आणि ज्यांचं नुकसान झालं त्यांना तर काहीच परत मिळणार नाही. तिला ती शिकवणारी आठवली, पुतळ्यावर सलाईन लावून दाखवताना मुलींच्या चुकलेल्या हातांना हळूच सरळ करणारी, आणि संचालक म्हणतो ते खोटं नाही हेही कळत होतं. "पदवी खोटी नाही त्यांची," ती शेवटी म्हणाली. "त्यांनी ती कमावली. खोटं आपण बोललो, त्या पेलू शकणार नाहीत असं. ते वाक्य मी अहवालातून काढतेय." संचालकाने पेनाला टोपण लावून ते टेबलावर ठेवलं. मग म्हणाला, "बाई, तुम्ही हे मला सांगितलं नाही, मी ऐकलं नाही. शुक्रवारपर्यंत विचार करा." शुक्रवारपर्यंत म्हणजे लॉरीपर्यंत, हे दोघांनाही कळत होतं. त्याच्या स्वरात धमकी नव्हती, आणि तेच जास्त अवघड होतं. नऊ वर्षांपूर्वी त्या कागदापुढे तिने स्वतःला हेच, याच मऊ आवाजात सांगितलं होतं.

खोलीत येऊन तिने एका पानाचं टिपण लिहिलं. कोणत्या वर्षी, कोणत्या संचात, कोणते प्रश्न, कुणाची चूक. शेवटच्या ओळीत, संबंधित आकडा निकालापूर्वी माझ्या नजरेस आला होता व मी त्याची शहानिशा केली नाही, असं लिहिताना तिचं अक्षर वाकडं गेलं. तिने पान बदललं नाही. टिपण संचालकांच्या हातात न देता ती खाली आवक खिडकीवर गेली. तिथल्या कारकुनाने सवयीने वरच्या दोन ओळी वाचल्या, मान वर करून तिच्याकडे पाहिलं, परत कागदाकडे पाहिलं. "बाई, यावर शिक्का मारू?" त्याने विचारलं. ती म्हणाली, त्यासाठीच आणलंय. त्याने शिक्का मारला, क्रमांक घातला, वेळ लिहिली: तीन वाजून चाळीस. आता ते कुणाला ऐकलं नाही म्हणता येणार नव्हतं. तिला हलकं वगैरे वाटलं नाही. जिना चढताना तिला कठड्याला धरावं लागलं. वर आल्यावर तिने ड संचाचा गठ्ठा कपाटात ठेवून कुलूप लावलं, आणि बिट्टीचा सोडून बाकीच्या तेरा जणांचे अर्ज बाहेर काढले.

पहिला नंबर बंद होता. दुसरा एका टायरच्या दुकानात लागला, तिथल्या माणसाने असं कुणी इथे नाही म्हणून फोन ठेवला. तिसऱ्या उमेदवाराच्या अर्जावर घरचा फोन होता. घंटा बराच वेळ वाजली, ती खाली ठेवणार एवढ्यात एका बाईने उचलला. मागे लहान मूल काहीतरी मागत होतं. तिने नाव विचारलं, ते जुळलं. लग्न झालंय, सध्या माहेरी आलेय, असं ती बाई आपणहून म्हणाली, आणि मग सावध होऊन, कोण बोलतंय? तिने कोण ते सांगितलं. मग तिने, या वेळी मागचंपुढचं न करता, सरळ सांगितलं: तुमचा निकाल चुकीचा होता, तुमचे गुण चौऱ्याहत्तर होते, तुमची निवड व्हायला हवी होती, चूक माझी आहे. पलीकडे मुलाला कुणीतरी उचलून दुसरीकडे नेलं असावं. ती वाट पाहत राहिली. शिव्या येतील, फोन आपटला जाईल, कोर्टाची भाषा होईल. यातलं काय आधी येतं याची ती वाट पाहत राहिली.

"मला माहीत होतं," बाई म्हणाली. तिचा आवाज इतका खाली गेला होता की रिसीव्हर कानाला घट्ट धरावा लागला. "मी सगळ्यांना सांगत होते, पेपर चांगला गेलाय, काहीतरी चुकलंय. दोनदा तुमच्या ऑफिसच्या दारापर्यंत आले होते. घरी कुणी विश्वास ठेवला नाही. बाबा म्हणायचे, अभ्यास केला नाही आणि वर तोंड करून बोलते. अजून म्हणतात." ती थांबली. "तुम्ही जरा धरता का फोन? बाबा आतल्या खोलीत आहेत. त्यांना चालायला वेळ लागतो. जे मला सांगितलंत ना, तेच त्यांना सांगा."

"सांगते," ती म्हणाली.

रिसीव्हर कशावर तरी ठेवल्याचा आवाज झाला. मग पावलं आत गेली, काहीतरी बोलणं झालं, शब्द कळले नाहीत. आणि मग काठीचा आवाज, थांबत थांबत जवळ येणारा. तिने पाठ ताठ केली. टेबलावर अजून दहा अर्ज पडलेले होते. पलीकडे खुर्ची ओढली गेली, कुणीतरी धापा टाकत बसलं.

"हं," म्हातारा म्हणाला, "बोला, काय म्हणणं आहे तुमचं?"

तिने पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.